सहासष्ट अंश उत्तर

घरात शिरण्याआधी मी बोळकंडीत थांबते.
बूट दाराबाहेर. स्वेटर उलटा करून पोत्यात.
मग हात: आधी साबण, मग लिंबू,
मग सकाळच्या कॉफीचा चोथा,
नखांच्या कोपऱ्यांत, थेट कोपरापर्यंत.
बोळकंडीत उणे दोन. आत कोल्बेन
दाराकडे पाठ करून बसलेला,
माझ्यातून मासा निघून जाईपर्यंत.

सात ते तीन मी पट्ट्यापाशी उभी असते.
कॉड येतात, काटे काढते, पुढे सारते.
बोगूमिला म्हणते, तुझे हात यंत्राहून शहाणे.
या हातांवर घरभाडं,
त्याचे सोललेले, कशालाही न टेकलेले बटाटे,
आणि बुधवारची ती बाई,
जी त्याला झोक्यावर बसवून शब्द शिकवते.
या हातांना तो शिवू देत नाही.
ज्या माशावर आमचं पोट,
तोच आमच्या दोघांत आडवा पडलेला.

गरम तलावात हनुवटीपर्यंत बुडून बायका विचारतात,
नोकरी आणि हे सगळं, कसं गं सांभाळतेस?
तारेवरची कसरतच की!
तारेवर निदान एकच जण चालतो, बायांनो.
आणि मी सांभाळत नाही. मी सांडते.
रोज थोडी तिथे, थोडी इथे,
रात्री फडकं घेऊन पुसत बसते.

थोर्गिल्स महिनाभर समुद्रावर, महिनाभर घरी.
कोल्बेन त्याला बाबा म्हणत नाही.
नकाशावर बोटीचा हिरवा त्रिकोण बघतो
आणि म्हणतो, अडुसष्ट.
चार दिवसांनी, सदुसष्ट.
आमचं ईसाफ्योर्दुर सहासष्टावर.
बोट धक्क्याला लागायची त्या पहाटे
तो भिंतीला सांगत सुटतो
सहासष्ट सहासष्ट सहासष्ट
आणि मी पडून ऐकते, गजर बंद करून.

पंचवीस जानेवारी.
दोन महिने डोंगराआड असलेला सूर्य आज गल्लीत येणार
म्हणून शाळेत पॅनकेक, टाळ्या, बाकं बडवणं.
मी सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं.
दहा वीसला फोन.
हाल्डोरनं माझ्याकडे नाही, घड्याळाकडे पाहिलं.
तास कापावे लागतील.
काप.

तशीच गेले. रबरी बूट, एप्रन,
कोपरांवर खवले.

कोटांच्या कोपऱ्यात, टेबलाखाली तो. कानांवर मुठी.
तीन हात लांब बसले, फरशीवर,
न धुतलेली.
गळ्यातले कारखान्याचे कानझाकणे काढले,
फरशीवरून सरकवले.
त्यांनाही तोच वास, दुसरं काय असणार.
त्यानं स्वेटरची कॉलर नाकावर ओढली,
बराच वेळ काही नाही,
मग कानझाकणे चढवले.
आणि मग एक हात बाहेर आला
आणि एप्रनची नाडी धरली.
मला नाही. नाडी.
मी श्वास हळू केला.
वर सगळे खिडकीकडे धावले,
सूर्य चार मिनिटं आला म्हणे, आणि गेला.
आम्ही दोघं टेबलाखाली होतो.

संध्याकाळी थोर्गिल्सचा फोन, मध्येच तुटणारा.
कोल्बेन, मी कुठे आहे?
सदुसष्ट पॉईंट चार.
बरोबर, म्हणाला तो, आणि आवाज गेला.
समुद्रामुळे की कशामुळे, कळलं नाही.

मग मुलगा बटाटे खायला बसला.
माझा आकडा कोणता, विचारलं नाही मी.
असेलच असं नाही.

एप्रन बोळकंडीत खुंटीला आहे.
एका नाडीचं टोक चावून चावून ओलं,
आता गोठून काडीसारखं कडक झालंय.
उद्या धुवायला टाकीन.
उद्या सात ते तीन,
आणि कापलेले दोन तास वर.
लिंबं संपलीत.